कोपराच्या उंचीचा लेथ

८ जानेवारी

नोकरीला आज नकार कळवला. ‘मी येऊ शकत नाही’ एवढं लिहायला सकाळ गेली.

घरातली पहिली पदवीधर मी. आईने माझा पदवी घेतानाचा फोटो फ्रिजवर उभा केला आहे, त्यामुळे दूध काढायला येणाऱ्याला आधी माझ्याकडे बघावं लागतं. त्या पदवीचं मी काय करणार आहे, तर मागच्या खोलीत लेथ बसवणार आहे. शेजारच्या काकूंना लेथ म्हणजे काय ते समजावून सांगितलं. धातूचा तुकडा चकमध्ये घट्ट धरायचा, तो गरगर फिरतो आणि समोरचं हत्यार त्याला तासत जातं. त्या म्हणाल्या, “म्हणजे पेन्सिलीचं टोकयंत्र.” मी हो म्हणाले.

कारण एकच. शेवटच्या वर्षी प्रोजेक्टसाठी पुनर्वसन केंद्रात गेले होते. तिथे व्हरांड्यात चाकांच्या अकरा खुर्च्या भिंतीला लावून ठेवल्या होत्या. मोडलेल्या नव्हत्या. पुढच्या चाकातला अंगठीएवढा पितळी बुश झिजलेला, आणि तो बनवणाऱ्यांनी बनवणं बंद केलेलं. एका अंगठीसाठी अकरा माणसं खाटेवर. हे मला सहन होत नाही. बाबा एकतीस वर्षं टर्नर होते. त्यांचा कारखाना गेल्या वर्षी दुसरीकडे हलला. तिकडे तरुणांनाच घेतलं म्हणून ते घरी आहेत. मी कामं आणेन, ड्रॉइंग काढेन, बाबा लेथ चालवतील. इतकं सरळ आहे.

एक गोष्ट मात्र इथेच लिहिते, बाहेर बोलता येणार नाही. मला लेथची भीती वाटते. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये सरांचा हातमोजा फिरत्या तुकड्याला चिकटला आणि डोळ्यांदेखत हातातून निघून गेला. हात वाचला. पण पाच बोटांचा तो रिकामा हातमोजा गरगर फिरत होता, तो मला अजून दिसतो. त्यानंतर मी मशीनला नीट हात लावलाच नाही. माझा जॉब, म्हणजे परीक्षेसाठी तासून द्यायचा तुकडा, मैत्रिणीने पुरा केला, मार्क मी घेतले.

आता भीती बाबांच्या हातांची आहे. मशीन निवडणार मी, हात घालणार ते. मी चुकीचा लेथ निवडला आणि त्यांना काही झालं तर?

११ जानेवारी

बाबा आणि मी नव्या मशीनच्या दुकानात गेलो. मी सहा लेथचा तक्ता करून नेला होता. बेडची, म्हणजे खालच्या लोखंडी पाटाची, लांबी, मोटर, वजन, वेग, आणि शेवटचे तीन रकाने फक्त सुरक्षेचे. विक्रेता तक्ता बघून म्हणाला, “मॅडम, माझ्याकडेसुद्धा एवढी माहिती नाही.”

टेबलावर बसणारा एक छोटा लेथ मला फार आवडला. चकवर पारदर्शक झाकण, झाकण उघडलं की मोटर बंद, लाल बटण तळहाताएवढं. बाबांनी बेडवर बोटाने टकटक केलं, हत्यार वाहून नेणारं कॅरेज दोन्ही हातांनी धरून हलवलं. ते हललं.

“घड्याळं दुरुस्त करायला छान आहे,” ते म्हणाले.

“पण बाबा, झाकण आहे.”

“झाकण डब्यालाही असतं.”

वळताना त्यांच्या डाव्या खांद्याने कॅटलॉगांचा ढीग पाडला. विक्रेत्याने हसत उचलला, पण बाबांचा चेहरा असा झाला की मला वाईट वाटलं. मशीन समोर असलं की त्यांना आजूबाजूचं भान राहत नाही. एवढी एकाग्रता मला कधी येणार.

१२ जानेवारी

ग्रंथालयातून यंत्रसुरक्षेचं पुस्तक आणलं. लेथवर पन्नास पानं आहेत. लांब बाही, मोकळे केस, अंगठी, हातमोजा, चकमध्ये राहिलेली चावी. प्रत्येकासाठी एक घडलेली घटना, आणि शेवटी ‘कामगारास आपला हात गमवावा लागला’ हे वाक्य, जणू हात बसमध्ये विसरून राहिला.

आईने चहा ठेवला आणि पानावरचं चित्र पाहून उलटं करून ठेवलं. “या पुस्तकात काही चांगलं लिहिलेलं नाही का?”

“आई, तू एकतीस वर्षं त्यांना कारखान्यात पाठवत होतीस. भीती नाही वाटायची?”

“तेव्हा नाही वाटायची,” ती म्हणाली आणि आत गेली.

१७ जानेवारी

आज अक्षर वाईट येईल.

बाबांच्या हट्टामुळे जुन्या मशीनच्या गोदामात गेलो. मालकाला सगळे ऑइलकाका म्हणतात, कारण त्यांच्या सदऱ्याचा मूळ रंग कुणाला आठवत नाही. बाबांना ते मास्तर म्हणतात. बंद पडलेल्या एका प्रशिक्षण शाळेतले दोन लेथ आले होते, एक मोठा आणि एक त्याच्याहून बुटका.

जुना लेथ कसा बघायचा ते मी आज पाहिलं. बाबांनी बुटक्याच्या बेडच्या कडेवरून अंगठ्याचं नख चकपासून शेवटपर्यंत ओढत नेलं. सगळं काम चकजवळ होतं, त्यामुळे बेड तिथेच झिजतो आणि नखाला पायरी लागते. “आहे, पण थोडी,” ते म्हणाले. मग सळई चकमध्ये धरून तिच्यावर केसभर फरक दाखवणारी डायल लावली आणि चक हाताने सावकाश फिरवला. काटा किती हलतो ते मला वाचायला सांगितलं.

“तुम्हीच बघा ना.”

“तू वाच. माझ्या हाताला कळू दे.”

मी वाचत गेले, ते मान हलवत गेले. परीक्षाच होती माझी.

डायल काढून ठेवली. ऑइलकाकांनी चकची पकड आणखी घट्ट करायला चावी लावली, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते फोन कानाला लावून बाजूला गेले. चावी चकमध्येच. बाबांची नजर समोर हत्याराच्या टोकावर होती. मी चकच्या पलीकडे दोन हात अंतरावर उभी होते आणि मला चावी दिसत होती. दिसत होती, पण एकतीस वर्षांच्या टर्नरला मी काय सांगायचं? त्यांनाही दिसतच असणार. मी असा विचार करत होते आणि त्यांनी मशीन सुरू करायचा लीव्हर उचलला.

आवाज आधी आला. चावी माझ्या कानाजवळून गेली आणि मागच्या पत्र्याच्या भिंतीत घुसून राहिली. गोल भोक नाही पडलं, पत्रा फाटून त्याला ओठ फुटल्यासारखं झालं.

ऑइलकाकांच्या फोनमधून कुणीतरी “हॅलो, हॅलो” म्हणत होतं. मग ते पळत आले. “मास्तर, चूक माझी. चावी मी सोडली. माझी चूक.”

बाबांनी मशीन बंद केलं. “सुरू करणाऱ्याने बघायचं असतं,” ते म्हणाले आणि ऑइलच्या पिंपावर बसले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मला लागलं का हे विचारायलाही त्यांना वेळ लागला.

बसमध्ये ते एकदाच बोलले. “आमच्या कारखान्यात चकमध्ये चावी विसरणाऱ्याच्या गळ्यात ती दोरीने अडकवायचे. दिवसभर तशीच घालून हिंडायचं. जेवताना पण.” थोड्या वेळाने म्हणाले, “माझ्या गळ्यात कधी आली नाही.”

उतरल्यावर आमच्या गल्लीच्या पायऱ्यांवर त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि घरापर्यंत काढला नाही. लहानपणानंतर असे आम्ही कधी चाललो नव्हतो.

तक्त्यात नवा रकाना घातला आहे: सोडली की स्प्रिंगने आपोआप बाहेर उडी मारणारी चावी. अशी मिळते. काहीही झालं तरी घ्यायची. दोष जुन्या मशीनचा आणि फोनवर बोलणाऱ्या माणसाचा होता. दोन्हींवर उपाय आहे.

१९ जानेवारी

जेवताना भांडण. मी म्हणाले नवा छोटा घेऊ. बाबा म्हणाले, जो हाताने हलतो तो लेथ पितळ कापताना थरथरेल, काप खडबडीत येईल, आणि तसा बुश महिन्यात झिजेल. मग केंद्रातली माणसं पुन्हा खाटेवर.

बरं, मग मोठा जुना घेऊ. त्याच घडणीच्या मशीनवर त्यांनी वीस वर्षं काढली, डोळे मिटून चालवतील. तर तोही नको. बुटकाच हवा.

“तुम्ही एवढे उंच. दिवसभर वाकून उभे राहणार?”

“मला चालेल.”

“पाठ जाईल तुमची.”

“माझ्या पाठीचा रकाना नको घालू आता तक्त्यात.”

आई हसली नाही. ताटाकडे बघत म्हणाली, “दोघांनाही कळत नाही आपण काय आणतोय घरात.”

आई शिकलेली नाही, तिला मशीन म्हणजे राक्षस वाटतो. तिचं मन वळवायला हवं. आधी माझं वळलं तर बरं.

२१ जानेवारी

पुन्हा गोदाम. पत्र्यावरचा ओठ तसाच आहे. मी तिकडे पाठ करून उभी राहिले, मग वाटलं पाठ केलेलीच वाईट, म्हणून तोंड केलं.

बाबांनी आज मशीन सुरूच केलं नाही. मला म्हणाले, “कॅरेजचं चाक फिरव. जड जातं?”

“थोडं.”

“खांद्याने नको. मनगटाने फिरव. आता?”

“आता नाही.”

“लीव्हर गाठतो का हात? वाकावं लागतं?”

“नाही.”

“शेवटच्या गिअरची मूठ ओढ. जोर लागला?”

सगळं माझ्याकडून करून घेतलं. मशीन बंद होतं, विजेची तारसुद्धा काढलेली होती, तरी दर वेळी मी आधी तारेकडे बघून घेतलं. बाबांना बहुतेक बघायचं होतं की अनोळखी हाताला मशीन कसं लागतं. ऑइलकाका म्हणाले, “मास्तर, लेथ बघताय की जावई?”

“जावई परत करता येत नाही,” बाबा म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते असे बोलले.

बुटकाच ठरला. पैसे बाबांनी दिले. मी नवीन चावीचा आग्रह धरला, ऑइलकाकांनी ती कशीही करून आणतो म्हणून सांगितलं.

२४ जानेवारी

केंद्रावरच्या बाईंनी लिहून दिलं: पुढच्या चाकांचे चाळीस बुश, आतून बारा मिलिमीटर, बाहेरून अठरा. आधी तीन नमुने आणायचे, सात फेब्रुवारीपर्यंत. त्यांनी मला खिडकीजवळच्या एका आजींकडे नेलं. आजींची खुर्ची चालते, पण उजवीकडे ओढते. सरळ जायला त्या सतत डाव्या हाताने चाक दाबून धरतात, तळहाताला घट्टा पडला आहे.

“ही पोर करणार?” आजींनी विचारलं.

“माझे वडील करणार,” मी म्हणाले.

“मग तू काय करणार?”

मी म्हणाले, मी बघणार. त्या हसल्या, पण मला ते दिवसभर टोचत राहिलं. शब्द मी दिला, हात दुसऱ्याचे. बाबांना ताप आला तर? मशीन आलंच नाही तर? आणि आलं तर?

२९ जानेवारी

लेथ आला. सात माणसं, चार पाइप आणि पुष्कळ आरडाओरडा. दार मी तीनदा मोजलं होतं तरी चौकटीचा टवका गेलाच. मागच्या खोलीत तो उभा राहिल्यावर खोली एकदम लहान झाली. कोणीतरी परकं माणूस येऊन काही न बोलता उभं राहावं तसं वाटतं. मी त्याला पाठ दाखवून खोलीतून बाहेर येत नाही, उलटी चालत येते.

बाबांनी सपाटी बघायची लेव्हल लावून लेथच्या पायांखाली पट्ट्या सरकवल्या. मग मला मशीनसमोर उभं केलं. “हात असा दुमड. कोपर चकच्या मधोमध आलं पाहिजे. खाली राहिलं तर खांदा दुखतो, वर गेलं तर माणूस झुकतो. झुकलेला माणूस मशीनवर पडतो.”

“पण चालवणार तुम्ही आहात.”

“मापाला कुणीतरी उभं लागतं. उभी राहा.”

कोपर बोटभर खाली होतं. त्यांनी एक एक पट्टी काढली, तेव्हा बरोबर आलं. आता बाबांना किती वाकावं लागेल. बोलले नाही. मशीनपुढे त्यांच्याशी वाद घालू नये.

आईने दारातून पाहिलं आणि बाबांना म्हणाली, “अजून वेळ आहे.”

“अगं, आता तर बसवलं,” बाबा म्हणाले.

ती मशीन परत करण्याबद्दल म्हणत असावी.

२ फेब्रुवारी

दुपारी तीनची गोष्ट. जसं घडलं तसं लिहिते.

बाबा म्हणाले, आज चालवून बघतो, तू दारातच थांब. मी थांबले. त्यांनी पितळेची सळई धरली, चावी काढून खिशात घातली, खिसा दोनदा चाचपला आणि लीव्हर उचलला. मी बाबांना काम करताना कधी पाहिलं नव्हतं. ते बघत नव्हते, ऐकत होते. मान किंचित वाकडी, हात चाकावर, आणि पितळेचा कीस सोनेरी धुळीसारखा उडत होता. काप बदलला की आवाज बदलायचा आणि त्यांचा हात त्याआधीच बदललेला असायचा. पाच मिनिटं मला भीती वाटली नाही. हे मुद्दाम लिहिते.

मग कीस साचला. ब्रश चकमागच्या पेटीवर, म्हणजे हेडस्टॉकवर, डावीकडे होता. त्यांनी समोर बघतच डावा हात ब्रशसाठी पुढे केला आणि तो हात सरळ फिरत्या चकवर चालला. सावकाश. जसा रिकाम्या जागेतून जातो तसा.

मी ओरडले. काय ओरडले आठवत नाही. त्यांनी हात ओढला, पण मधल्या बोटाला चकची कड लागून गेली. नख अर्धं उलटलं. आई कुठून आली कळलं नाही, तिने भिंतीवरचं मेन बटण खाली ओढलं. चक थांबायला खूप वेळ लागला.

“सांगा आता तिला,” आई म्हणाली. “नाहीतर मी सांगते.”

बाबांनी बोट रुमालात गुंडाळलं. “तू सांग,” म्हणाले आणि अंगणात जाऊन उभे राहिले.

आईने बोट बांधायला कापूस शोधत शोधत सांगितलं. काचबिंदू. दीड वर्ष झालं. दोन्ही डोळ्यांत, डाव्यात जास्त. समोरचं दिसतं, कडेचं गेलं. नळीतून बघितल्यासारखं. गेलेलं परत येत नाही, उरलेलं टिकावं म्हणून थेंब घालायचे. फ्रिजच्या दारात थेंबांची एक छोटी बाटली असते, ती मी आईची समजत होते. ती बाबांची. नव्या जागी तरुणांनाच घेतलं हे खोटं. सगळ्यांना घेतलं. बाबा डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले.

“मला का नाही सांगितलं?”

“तू नोकरीला गेली असतीस.”

मला काही कळलं नाही. अर्थात गेले असते. ते वाईट झालं असतं का?

३ फेब्रुवारी

कॅटलॉगांचा ढीग. खांद्यावरचा हात. चावी. मी सगळं पाहिलं होतं आणि प्रत्येकाला छानसं नाव दिलं होतं. सुरक्षेचे तीन रकाने आखणाऱ्या बाईला घरातला माणूस दिसला नाही.

रागही आहे. एवढं मोठं मशीन घरात आणलं, कशासाठी? पुन्हा एकदा टर्नर व्हायचं म्हणून? त्यासाठी माझ्या कानाजवळून चावी गेली, त्यांचं बोट गेलं असतं. उद्या हात जाईल. मी हे होऊ देणार नाही.

ऑइलकाकांना फोन केला. परत घेतो म्हणाले. सहा तारखेला दुपारी गाडी पाठवतील. “मास्तरांना विचारलंस?” त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. आयुष्यातलं पहिलं खोटं नाही, पण पहिलं मोठं.

केंद्रावरच्या बाईंना फोन करायचा होता. केला नाही. आजी डावा हात चाकावर दाबून बसलेल्या दिसतात.

५ फेब्रुवारी

दोन दिवस बाबा आणि मी एकाच घरात एकमेकांना चुकवत फिरलो. मी त्यांच्या डाव्या बाजूने गेले की त्यांना कळतच नाही. हे आता कळल्यावर मी दर वेळी काहीतरी आवाज करते. भांडं वाजवते, खोकते. आई म्हणाली, “औषध घे.” मग तिच्या लक्षात आलं.

उद्या गाडी येणार. सकाळी त्यांना सांगायलाच हवं. कारखान्यात एकतीस वर्षं ज्यांना मास्तर म्हणाले त्यांना मी सांगायचं की तुम्ही आता मशीनजवळ जायचं नाही. चावी उडाली तेव्हा एवढी भीती वाटली नव्हती.

६ फेब्रुवारी

सांगितलं. सकाळी आठ वाजता, मागच्या खोलीत. ते स्टुलावर बसून बेड पुसत होते, बांधलेलं बोट बाजूला उभं धरून.

मी म्हणाले, “बाबा, लेथ परत जातोय. दुपारी गाडी येईल.” त्यांनी पुसणं थांबवलं नाही. म्हणून मी सगळं एका दमात बोलले. तुम्ही लपवलंत, मला मूर्ख ठरवलंत, मशीनवर तुमचा जीव आहे हे मला समजतं, पण तुमच्यासाठी घेतलेला लेथ तुमचाच हात नेणार असेल तर मला तो घरात नको.

“माझ्यासाठी कुणी घेतला?” ते म्हणाले.

मी उभीच राहिले.

“मी वाकून किती दिवस काम केलं असतं? एवढं शिकलीस, एक माप घेता येत नाही?”

माझा हात आपोआप कोपराकडे गेला. मग मी त्यांना जे कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. मला लेथची भीती वाटते. कॉलेजातला जॉबसुद्धा माझा नव्हता.

“माहीत आहे. घरी आणून दाखवला होतास. अर्धा काप एका हाताचा होता, अर्धा दुसऱ्याचा. चांगला अर्धा तुझा नव्हता.” फडकं झटकलं. “डोळ्यांचं आधी सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी नोकरीवर गेली असतीस. आमच्या पोटासाठी. त्या अकरा खुर्च्या तिथेच राहिल्या असत्या आणि तू जन्मभर त्यांच्याबद्दल बोलत बसली असतीस. मला ते ऐकवलं नसतं.”

“मग त्या दिवशी चालवलंत कशाला? मला शिकवायचं होतं तर मलाच...”

“चालवल्याशिवाय दोष कसे कळणार?”

दारातून आई म्हणाली, “हात गेला असता तर तो दोष कुणाच्या नावावर लिहिला असतात?”

बाबांनी बांधलेल्या बोटाकडे पाहिलं. म्हणाले, “ते चुकलंच.”

मग त्यांनी मला वही आणायला सांगितली. कारखान्यात एक पद्धत होती. टर्नर आपलं मशीन दुसऱ्याच्या हवाली करायचा तेव्हा त्याचे गुण सांगायचा नाही. गुण नव्या माणसाला आपोआप दिसतात. फक्त दोष सांगायचे, एकही न लपवता, आणि नव्या माणसाने ते लिहून घ्यायचे. लपवलेल्या दोषाने नव्याला लागलं तर जुन्याच्या हातचं पाणी कोणी घ्यायचं नाही. मी हीच वही आणली.

बाबांनी मशीनवर हात ठेवून सांगितलं आणि मी लिहिलं:

बेड चकजवळ झिजला आहे. लांब जॉब त्या टोकाला केसभर जाड निघेल, काप दोनदा घ्यायचा.

तिसऱ्या वेगाला थरथरतं. दुसऱ्यावर चालवायचं, घाई करायची नाही.

हत्यार आतबाहेर नेणाऱ्या आडव्या स्लाइडचं चाक उलट फिरवलं की पाव फेरा रिकामा जातो. आधी तो भरून काढायचा, मग आकडा धरायचा.

टेलस्टॉक, म्हणजे उजव्या टोकाचा आधार, घट्ट केला तरी सरकतो. दोनदा आवळायचा.

मी पेन धरून होते. बाहेर आईने पाण्याचा नळ बंद केला.

“मशीनजवळ एक म्हातारा असतो,” ते म्हणाले. “त्याला कडेचं दिसत नाही. डावीकडचं तर मुळीच नाही. त्याला लीव्हरला हात लावू द्यायचा नाही. मागितला तरी. फार ओळखीचा असला तरी.”

मी लिहिलं. पेन एकदा अडलं, शाई आली नाही, पुन्हा गिरवलं.

“संपलं?” मी विचारलं.

“माझे संपले. घेणाऱ्याचा असेल तर त्याने सांगायचा.”

“मी घाबरते.”

“लिही.”

तेही लिहिलं.

ऑइलकाकांना फोन बाबांनीच केला. गाडी नको म्हणाले. पलीकडून काय म्हणाले माहीत नाही, बाबा म्हणाले, “नाही, जावई ठीक आहे.”

मी बाह्या कोपराच्या वर दुमडल्या, केस बांधून टोपीत घातले, घड्याळ काढलं. बाबा उजवीकडे, टेलस्टॉकच्या टोकाला स्टुलावर बसले, हात मांडीवर. चकमध्ये चावी नाही हे दोनदा पाहिलं आणि मी लीव्हर उचलला. चक फिरायला लागला आणि मला तो हातमोजा दिसला. दिसतच राहिला. त्याच्यासकट मी हत्यार पुढे नेलं.

पहिला बुश बिघडला. रिकामा पाव फेरा विसरले. दुसरा बाहेरून चांगला आला, आतून मोठा. बाबा काही बोलत नव्हते, फक्त एकदा “आवाज ऐक,” आणि एकदा “श्वास घे.” दुपारचं जेवण राहिलं. आई दोनदा दारात येऊन गेली.

तिसरा चारच्या सुमारास काढला. ब्रशने पुसला, निवू दिला. गरम पितळ खोटं माप देतं. बारीक माप घ्यायचा व्हर्निअर लावला. बाहेरून अठरा. आतून वाचलं आणि विश्वास बसेना.

“बारा पूर्णांक शून्य एक,” मी म्हणाले.

“पुन्हा वाच.”

मला वाटलं चुकलं. व्हर्निअर काढून परत लावला, खिडकीजवळ नेऊन पाहिला. तोच आकडा, बुश नीट बसेल असा. मोठ्याने सांगितला.

बाबांनी डोळे मिटून घेतले होते. “पुन्हा वाच,” ते म्हणाले.